ओट्याखालचं इंजिनिअरिंग



आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय छापून येतं ते सगळ्यांना पाठ आहे. पावसावर चार कविता, 'आई' या विषयावर तीन, एका ट्रेकचं वर्णन आणि 'आजचा तरुण कुठे चालला आहे?' असा एक गंभीर लेख. त्यात यंदा स्वयंपाकघरातल्या कपाटांवर लेख! विषय सांगितला तेव्हा रूममेटने पहिला प्रश्न केला, "काय रे, लग्न ठरलं की काय तुझं?"

नाही ठरलं. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी किचन नव्याने करायचं ठरलं, आणि 'तू इंजिनिअर होणार आहेस ना, मग तूच बघ जरा' असं म्हणून कोटेशनचे कागद माझ्या हातात आले. हसू नका, ही वेळ तुमच्यावरही येणार आहे. पंखा का हलतो, इन्व्हर्टर केवढा घ्यायचा, किचन कसं करायचं... घरातलं एक माणूस इंजिनिअरिंगला गेलं की हे सगळं त्याच्याच सिलॅबसमध्ये येतं.

(एक खुलासा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'एकोणसाठ' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करून घेतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांचे, मतं मात्र माझी!)

विषय हसण्यासारखा असेल, रक्कम हसण्यासारखी नसते. आमचं बजेट होतं एक लाख ऐंशी हजार रुपये. बाबांची मुदत भरलेली एफ.डी. एवढी रक्कम पुन्हा जमायला किती वर्षं लागतील याचा मला चांगला अंदाज आहे, कारण मधली वर्षं माझ्या फीची आहेत. अशा पैशातून एकदा चुकीची कपाटं घेतली, तर पाच वर्षांनी 'चला, बदलून टाकू' असं म्हणता येत नाही. त्याच लोंबकळणाऱ्या दारांबरोबर पुढची पंधरा वर्षं काढावी लागतात. आणि ती काढतं कोण, तर आई.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. बजेट बेताचं असेल, तर जिथे पाणी लागतं, जिथे वजन पडतं आणि जिथे हात पोचायला हवा तिथे पैसा घाला. जे नुसतं दिसतं, त्याचा नंबर शेवटी. बाजार मात्र आपल्याला नेमका उलट क्रम शिकवतो.

कसा, ते सांगतो. एका शोरूमने आम्हाला आधी तीन लाख दहा हजारांचं कोटेशन दिलं. आरशासारखी चकचकीत ॲक्रिलिकची दारं, हळूच बंद होणारे ड्रॉवर, सगळं काही. बाबांचा चेहरा बघून सेल्समनने लगेच 'बजेट रेंज' काढली, एक लाख पंच्याऐंशी हजार. कॉम्प्युटरवरचं चित्र जवळपास तेच, दारं तशीच चकचकीत. मग सव्वा लाख रुपये गेले कुठे? हा प्रश्न विचारल्यावर कळलं की आतली पेटी बदलली होती. चांगल्या प्लायवूडच्या जागी पार्टिकल बोर्ड, भारी बिजागऱ्यांच्या जागी साध्या, आणि स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्यांच्या जागी क्रोमचा मुलामा दिलेल्या तारेच्या. म्हणजे जे दिसतं ते ठेवलं आणि जे टिकतं ते काढून घेतलं!

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. तो सेल्समन बाबांशी किमतीबद्दल बोलत होता, माझ्याशी थ्री-डी डिझाइनबद्दल, आणि आईला त्याने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, कलर कोणता आवडेल?" जी व्यक्ती त्या ओट्याशी रोज चार-पाच तास उभी राहणार, तिला ना उंची विचारली, ना हात कुठवर पोचतो ते, ना घरात डबे किती आहेत ते. हे फक्त शोरूममध्येच होतं असं नाही. बहुतेक घरांत किचनचा खर्च एक जण ठरवतो, डिझाइन दुसरा ठरवतो आणि वापरते तिसरीच.

असो. आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा पाण्याचा. आपल्याकडे सणाच्या आधी किचनची फरशी बादलीभर पाणी ओतून खराट्याने धुतली जाते. सिंकखालचा पाइप कधी ना कधी गळतोच. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. आणि अशा जागी आपण ठेवतो पार्टिकल बोर्ड! हा बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि रेझिन एकत्र दाबून केलेला पत्रा. त्यावर मेलामाइनचा थर असतो, बाजारात त्याला प्रीलॅम म्हणतात. वरून पाणी सांडलं तर पुसून टाकता येतं. पण कडेतून किंवा स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की बोर्ड फुगतो, आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. फुगलेल्या जागी स्क्रू धरत नाही. स्क्रू सुटला की बिजागरी सुटते, आणि मग दार कायमचं तिरकं. पुरावा बघायला लांब जायला नको. आपल्या हॉस्टेलमधल्या स्टडी टेबलांच्या खालच्या कडा बघा, विशेषतः खिडकीजवळच्या. बोटभर पट्टी पुरीसारखी टम्म फुगलेली दिसेल.

मग प्लायवूड घ्या, असं कुणीही सांगेल. पण प्लायवूडमध्येही जाती आहेत. एम.आर. म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. याचा अर्थ दमट हवा सोसणारं, पाणी सोसणारं नव्हे. यात बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. बी.डब्ल्यू.आर. आणि बी.डब्ल्यू.पी. या वरच्या जाती, त्यांत फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा. (फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत थर्मोसेटिंग प्लास्टिक म्हणून जे घोकलं ते हेच!) भारतीय मानकांत आय.एस. ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचं आणि आय.एस. ७१० हे मरीन प्लायवूडचं. ७१० च्या चाचणीत नमुना ७२ तास पाण्यात उकळतात आणि तरीही थर सुटता कामा नये. आमचा सुतार म्हणाला होता, "साहेब, वॉटरप्रूफच लावतो, बघायला नको." पण बघायला हवंच. 'वॉटरप्रूफ' हा शब्द कुणीही उच्चारू शकतं. शीटवर आय.एस.आय.चा शिक्का आणि हा नंबर छापलेला असतो, तो कापण्याआधी डोळ्यांनी वाचायचा.

आजकाल एच.डी.एच.एम.आर. नावाचा बोर्डही सर्रास सुचवतात. साध्या पार्टिकल बोर्डपेक्षा तो खूपच बरा, ओल बरीच सोसतो. पण त्याच्या नावातला शेवटचा आर 'रेझिस्टन्स'चा आहे हे विसरू नका. पी.व्ही.सी. आणि डब्ल्यू.पी.सी.च्या बोर्डांना पाण्याची आणि वाळवीची भीती नाही. मात्र लांब फळी केली की ती वजनाने लवते, आणि शेगडीच्या आचेजवळ तो नकोच.

पण या सगळ्यांच्या आधी एक उत्तर आपल्या जुन्या घरांत पडून आहे. ते म्हणजे कडप्पा! आंध्रातल्या कडपा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा चुनखडीचा दगड. महाराष्ट्रात किती तरी घरांत ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या आणि आडवे कप्पे असतात. दिसायला साधा, पण पाण्याने फुगत नाही आणि वाळवी त्याला खात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. आपल्यातल्या ज्यांनी ती घरं नंतर साफ केली असतील, त्यांना विचारा, फळ्यांच्या कपाटांचं काय झालं आणि दगडाच्या कप्प्यांचं काय झालं. असं असताना नवीन किचन करायचं म्हटलं की पहिलं काम काय, तर हा कडप्पा फोडून बाहेर टाकायचा आणि त्या जागी बोर्डाच्या पेट्या बसवायच्या! माझ्या मते मध्यम बजेटवाल्यांनी हा हट्ट सोडावा. उभा कडप्पा सरळ आणि मजबूत असेल तर तीच आपली पेटी. आडवे कप्पे काढा, मधल्या गाळ्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवा, पुढे दारं लावा. जमिनीला लाकूड टेकणारच नाही, मग फुगणार काय?

दुसरा मुद्दा वजनाचा. इथे आपला एस.ओ.एम. कामाला येतो, जो पेपर झाल्यावर आपण सगळेच विसरतो. फळीवर वजन सारखं पसरलेलं असेल तर ती मध्यभागी किती लवते? लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, आणि जाडीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. आता आकडे घाला. दोन फुटांच्या जागी तीन फुटांची फळी केली की बाक पाचपट. १८ मिलीमीटरच्या जागी १२ मिलीमीटरची घेतली की तिपटीहून जास्त. दोन्ही एकदम केलं तर सुमारे सतरापट! कोटेशनमध्ये 'शेल्फ - १२ एमएम' असं बारीक अक्षरात लिहून जे हजार-दोन हजार वाचवलेले असतात, त्यांची खरी किंमत ही. हॉस्टेलच्या भिंतीवरची आपली पुस्तकांची फळी आठवा, मधोमध पोट सुटलेली. ती बिचारी तेच सूत्र सिद्ध करत असते.

शोरूममधली रुंद कपाटं छान दिसतात, कारण त्यांत दोन काचेचे ग्लास आणि एक प्लास्टिकचं लिंबू ठेवलेलं असतं. आपल्या घरी तिथे दहा किलो तांदूळ येतात, तेलाचा डबा येतो, स्टीलच्या डब्यांची रांग येते, लोखंडी कढई येते, आणि वर आजीचा खलबत्ता. म्हणून कपाटं अरुंद ठेवा. दीड ते दोन फुटांवर आधार द्या. फळी १८ मिलीमीटरच घ्या. यात डिझाइन बिघडत नाही, आणि पुढची दुरुस्ती वाचते.

वजनाचाच भाग म्हणजे बिजागरी आणि चॅनेल. एखादं दार दिवसातून वीस वेळा उघडतं असं धरा, म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर. हे काम दाराचा रंग करत नाही, बिजागरी करते. तिथे पन्नास-शंभर रुपये वाचवणं म्हणजे चांगल्या गाडीला भंगारातले बेअरिंग बसवणं. चॅनेल घेताना तो किती किलोचा आहे हे विचारा, धान्याच्या ट्रॉलीला ४५ किलोवाला लावा.

ट्रॉलीच्या स्टीलबद्दल एक गंमत सांगतो. दुकानदार खिशातून चुंबक काढतो, ट्रॉलीला लावतो, आणि म्हणतो, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ ग्रेड." मेटलर्जी शिकलेल्यांनी इथे गप्प बसू नये. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून ते गंजायला दाद देत नाही. पण २०२ हे स्वस्तातलं, कमी निकेलचं स्टीलही ऑस्टेनिटिकच आहे, त्यालाही चुंबक चिकटत नाही! सिंकजवळच्या ओलीत त्यावर तांबूस ठिपके लवकर येतात. तेव्हा चुंबकाचा खेळ बघून खूश होऊ नका, बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली की काय ते समजा.

आणि एक गोष्ट बजेटच्याही आधीची. गॅसचा सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीसकट वजन तीस किलोंच्या आसपास. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर न जाता खाली साठतो. छान दिसावं म्हणून त्याला चारी बाजूंनी बंद कपाटात कोंडणं हा मूर्खपणा आहे. दार लावायचंच असेल तर खाली जाळी किंवा मोठ्या फटी हव्यातच. दार नसेल तर अजून उत्तम.

तिसरा मुद्दा हाताचा. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि कुठल्याही कोटेशनमध्ये नसलेला.

आय.ई.च्या पुस्तकात 'थर्ब्लिग' हा विचित्र शब्द आपण व्हायवासाठी पाठ केलेला आहे. गिलब्रेथ हे आडनाव जवळपास उलटं लिहून तो तयार झाला. फ्रँक गिलब्रेथ पुस्तकात भेटतो, पण त्याची पत्नी लिलियन हीसुद्धा मोशन स्टडीत तितकीच मोठी. १९२४ मध्ये फ्रँक वारल्यावर कारखानदार एका बाईचा सल्ला घ्यायला कचरू लागले, तेव्हा तिने तेच शास्त्र स्वयंपाकघराकडे वळवलं. १९२९ मध्ये तिने 'किचन प्रॅक्टिकल' नावाचं नमुना किचन मांडलं. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. त्याआधी १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी फक्त १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असं किचन बनवलं. कामाच्या हालचाली मोजून, पावलं वाचतील अशी कपाटं त्यात बसवली. सुमारे दहा हजार घरांत ते बसलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच म्हणा ना! म्हणजे किचन कॅबिनेट ही गोष्ट जन्मालाच आली ती बाईची पावलं आणि पाठ वाचवण्यासाठी. चकाकी नंतर आली. मूळ हेतू शोरूमच्या वाटेवर कुठेतरी सांडला.

म्हणून मी एक दिवस घरी मोशन स्टडी केला. सकाळचा स्वयंपाक, पोळी-भाजी-वरण-भात. मी वही घेऊन दारात बसलो. आई म्हणाली, "अरे, मोजत काय बसलास? त्यापेक्षा कणीक मळून दे." कणीक मळून दिली आणि मोजलंही. दीड तासात आई ४१ वेळा खाली वाकली. त्यातले बरेचसे वाकणे खोल कप्प्यात डोकं घालून मागचा डबा पुढे काढण्यासाठी. दोनदा स्टुलावर चढली. आईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतो, आणि त्याच्या औषधांचा खर्च कुठल्याच किचनच्या कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

मग टेप घेतला. उभ्याने हलकं काम करायचं तर पृष्ठभाग कोपरापेक्षा साधारण १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा, असं अर्गोनॉमिक्स सांगतं. आईची उंची पाच फूट, कोपर ९५ सेंटीमीटरवर. म्हणजे ओटा हवा ८० ते ८५. आमचा जुना ओटा ८४, अगदी बरोबर! पण 'जुन्यावरच नवा ग्रॅनाइट चढवा, तोडफोड वाचेल' असा सल्ला आम्हाला मिळाला होता. दगड आणि सिमेंट मिळून चार सेंटीमीटर वाढले असते, ओटा ८८ वर. चार सेंटीमीटर ऐकायला काहीच नाही. पण पोळ्या लाटताना तेवढ्यासाठी खांदे रोज वर उचलावे लागतात. आम्ही जुना दगड पॉलिश करून घेतला. त्यात पैसेही वाचले.

भिंतीवरच्या कपाटांचंही तसंच. ओट्यापासून ६० सेंटीमीटर मोकळे सोडले की कपाट १४४ वर सुरू होतं. टाचा न उचलता आईचा हात १८५ पर्यंत जातो. म्हणजे दोन फूट उंच कपाटाचा वरचा कप्पा तिच्यासाठी नुसता शोभेचा. शोरूमच्या चित्रात भिंतीवर छतापर्यंत कपाटंच कपाटं होती, आणि दर चौरस फुटाचा. मग हात न पोचणाऱ्या चौरस फुटांचे पैसे का द्यायचे? आम्ही एकाच भिंतीवर कपाटं घेतली. बाकी सामानाला माळा आहेच, आणि माळ्यावर चढायला मी!

फ्रँकफुर्टचं डोळे मिटून उचलायचं नाही, हेही सांगायला हवं. ते किचन एकट्या बाईसाठी आखलेलं होतं, दुसरं माणूस आत आलं की गर्दी. त्यावर तिकडेही टीका झालीच. आमच्या घरी आजी खाली बसून भाजी निवडते, आई लाटते, ताई माहेरी आली की ती भाजते. उंच टॉल युनिट घेतलं असतं तर आजीची जागा गेली असती. शोरूमच्या थ्री-डी चित्रात आजी नव्हती. म्हणून टॉल युनिट रद्द.

आता हिशोब, कारण आकडे नसतील तर लेख म्हणजे नुसत्या गप्पा. ट्रॉल्या आणि चॅनेल ३८,०००. प्लायवूड २८,०००. बिजागऱ्या आणि हँडल ११,०००. सनमायका, एज बँड, फेविकॉल वगैरे १६,०००. सुताराची मजुरी ३२,०००. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि दगडाचं पॉलिश ७,०००. एकूण १,३२,०००. म्हणजे बजेटमधले ४८,००० शिल्लक. दारांना चकचकीत ॲक्रिलिक नाही, साधा मॅट सनमायका. त्यावर तेलकट बोटांचे ठसे कमी दिसतात. हँडल साधे, इंग्रजी डी आकाराचे, कारण पिठाच्या हाताने खाचेत बोटं घालून दार ओढता येत नाही. रंग? तो आईनेच निवडला, सगळ्यात शेवटी. फिकट हिरवा. मला विशेष आवडलेला नाही, पण त्यात माझं काय जातंय!

आता विरुद्ध बाजू. मित्र म्हणतात, दिसणं म्हणजे काहीच नाही का? आहे ना. आईलाही चार पाहुण्यांत आपलं किचन छान दिसावं असं वाटतंच, आणि त्यात गैर काहीच नाही. पण दारं बदलता येतात. पेटी आणि बिजागरी चांगली असेल तर आठ-दहा वर्षांनी नुसती दारं नवीन करता येतात. पेटी फुगली तर दारांसकट सगळंच जातं. दुसरा आक्षेप, कारखान्यातल्या कामाची सफाई सुताराला येते का? खरं सांगायचं तर, नाही. मशीनने गरम करून चिकटवलेली कड हाताने लावलेल्या कडेपेक्षा सरस असते, आणि तिथे काम दोन दिवसांत बसतं. आमच्याकडे तीन आठवडे धूळ खाल्ली. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी कारखान्यातलं जरूर घ्यावं, पण ओट्याखालची आणि सिंकची पेटी तरी ७१० च्या प्लायवूडची मागावी. वरची, पाण्यापासून लांबची कपाटं प्रीलॅमची असली तरी चालतील. सगळीकडे एकच माल लावला पाहिजे असा काही नियम नाही. तिसरा आक्षेप, मुळात एवढी दारं हवीत कशाला? हा मला पटतो. आपल्या मेसमध्ये आत जाऊन बघा. एवढ्या पोरांचा स्वयंपाक होतो आणि एकाही रॅकला दार नाही, काकांना डोळे मिटूनही जिरे सापडतात. रोज लागणाऱ्या वस्तू उघड्या फळीवर ठेवल्या तर हातही वाचतो आणि पैसाही. धूळ आणि झुरळांपासून जे जपायचं, तेवढंच दाराआड.

हे सगळं सांगायचं कारण असं की आपण चार वर्षं लोड, स्ट्रेस, मटेरियल सिलेक्शन शिकतो आणि घरी गेल्यावर ते सगळं विसरून कॅटलॉगमधल्या चित्राला भुलतो. 'युजर रिक्वायरमेंट' हा शब्द प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दहा वेळा लिहितो, पण घरातल्या सगळ्यात जुन्या युजरला तिची रिक्वायरमेंट विचारत नाही. आपल्या डिग्रीचा पहिला उपयोग कुठल्या कंपनीत व्हायचा तेव्हा होईल. घरच्या पैशाला आणि घरच्या माणसाला तो आजही होऊ शकतो.

तेव्हा येत्या सुट्टीत कुणाच्या घरी किचनचा विषय निघाला तर (आणि आपल्या सर-मॅडमपैकी कुणी नवीन घर घेत असतील तर त्यांनाही), माझी एवढीच विनंती आहे. कॅटलॉग उघडण्याआधी टेप काढा. जी किंवा जो स्वयंपाक करतो त्याचं कोपर मोजा, हात कुठवर पोचतो ते मोजा, घरातले डबे मोजा. कोटेशनमध्ये दाराच्या आधी पेटीचं मटेरियल, फळीची जाडी, स्टीलची ग्रेड आणि बिजागरी वाचा. ओट्याखाली कडप्पा असेल तर घण उचलण्याआधी दोनदा विचार करा. रंग शेवटी निवडा, आणि तो ज्याचं किचन त्यालाच निवडू द्या.

आणि हो, मोजमापं घेताना थोडी कणीकही मळून द्या. प्रॅक्टिकलचे मार्क त्यालाच जास्त आहेत!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)